ड्रिल वीकेंडला ट्रेनने जावं का? शिकागो ते मिलवॉकी, हायावाथाचा अनुभव

मी यूएस आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाले हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वॉरंट मिळतं का?" आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, सातारा जिल्ह्यातले, त्यांच्या डोक्यात फौजी प्रवास म्हणजे रेल्वेचं वॉरंट (सरकारी खर्चाने तिकीट मिळवून देणारा कागद), होल्डॉल आणि पांढऱ्या पेंटने नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक. म्हणलं आबा, वॉरंट-बिरंट काही नाही, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार जायचं, आपलं आपण पोचायचं, तिकीट आपल्या खिशातून. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे सुट्टीच्या दिवशी फौज, आणि ती पण स्वखर्चाने?"

तर हो, तसंच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, इथे रिझर्व्हमध्ये महिन्याला एक वीकेंड आणि वर्षातून साधारण दोन आठवडे एकदम, असं असतं. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी आहे ना, ज्यात धोनी मानद लेफ्टनंट कर्नल आहे, कल्पना जवळपास तीच, एरवी नोकरीधंदा करा आणि ठरलेल्या दिवशी युनिफॉर्म चढवा. त्या वीकेंडचं अधिकृत नाव 'बॅटल असेंब्ली', पण ते नाव फक्त कागदावर, सगळे ड्रिलच म्हणतात. चार तासांचं एक ड्रिल धरतात, दोन दिवसांत अशी चार, म्हणून दोन दिवस गेलं की बेसिक पगार चार दिवसांचा मिळतो. ऐकायला भारी वाटतं. पण त्यातून प्रवास, खाणं आणि सोमवारी ऑफिसात डोळे उघडे ठेवायला लागणारी कॉफी वजा करा.

मी राहते ऑरोराला, बालाजी मंदिरवालं ऑरोरा, आणि माझं युनिट मिलवॉकीच्या बाजूला. गाडीने ११० मैलांच्या आसपास पडतं. पहिलं दीड वर्ष मी गाडीनेच जायचे आणि मला त्याचं फार कौतुक होतं, दोन तासात पोचते वगैरे सांगत फिरायचे. दोन तास हे रविवारी पहाटेचं गणित आहे, शुक्रवारी संध्याकाळी तीन तास धरा आणि बर्फ असेल तर धरूच नका.

ट्रेनवर मी आले ते एका रविवारमुळे. जानेवारी होता, शनिवारी फिटनेस टेस्ट, मग दिवसभर इन्व्हेंटरी (मी सप्लायमध्ये आहे, तंबूचे खुंटे मोजणे हे माझं देशकार्य), रात्री हॉटेलात रूममेटशी गप्पा मारत बारा वाजले, सकाळी पाचला उठले, रविवारी चारनंतर सोडलं आणि मी तशीच आय-९४ हायवेला लागले. केनोशाच्या आसपास गाडीखालून एकदम ढर्रर्र असा आवाज आला, कडेच्या रंबल स्ट्रिपवर (पेंगणाऱ्याला जागं करायला रस्त्याच्या कडेला केलेल्या खाचा) चाक गेलं होतं आणि त्या आधीचा अर्धा मिनिट मला आठवतच नव्हता. रेडिओ चालू, हीटर चालू, मी बंद. हात थरथरत पुढचा एक्झिट घेतला, तिथे हायवेला लागून मार्स चीज कॅसल म्हणून किल्ल्यासारखं बांधलेलं चीजचं प्रसिद्ध दुकान आहे, त्याच्या पार्किंगमध्ये सीट मागे टाकून पाऊण तास झोपले, मग आत जाऊन चीज कर्ड्सची, म्हणजे ताज्या चीजच्या छोट्या तुकड्यांची, पिशवी घेतली आणि घरी पोचल्यावर नवऱ्याला फक्त कर्ड्सबद्दल सांगितलं. रंबल स्ट्रिपबद्दल दोन महिन्यांनी सांगितलं. त्यानंतर हट्टाने हायावाथा.

आता ट्रेनबद्दल. हायावाथा ही अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे इथल्या सरकारी प्रवासी रेल्वेची, शिकागो युनियन स्टेशन ते मिलवॉकी डाउनटाउन अशी धावणारी ट्रेन, ८६ मैल, दीड तास, दिवसातून सहा-सात फेऱ्या. मधे ग्लेनव्ह्यू, स्टर्टेव्हंट आणि मिलवॉकी एअरपोर्ट एवढीच स्टेशनं. पुणे-मुंबई करणाऱ्या माणसाला ही गाडी लगेच कळते, तेच रोजचे अपडाउनवाले चेहरे, तीच ठरलेली जागा पकडायची धडपड, फक्त वडेवाला नाही. आणि खरंच नाही हो, गाडीत खायला-प्यायला काहीच मिळत नाही, पॅन्ट्री नाही, ट्रॉली नाही, त्यामुळे स्टेशनवरूनच घेऊन चढा नाहीतर घरून डबा आणा.

डबे नवीन आहेत. २०२२ पासून सीमेन्सचे व्हेंचर डबे यायला लागले या मार्गावर, मोठ्या खिडक्या, प्रत्येक सीटला चार्जिंग, मधली दारं बटणावर उघडणारी. आवाज कमी. सीट लांबूनच जरा कडक वाटते आणि आहे, पण दोन दिवस काँक्रीटवर उभं राहून आलेल्या माणसाला ती सोफा वाटते. तिकीट साधारण २५ डॉलरच्या घरात, मिलिटरीसाठी १० टक्के सवलतीचा पर्याय असतो, तो बुकिंग करतानाच निवडायचा आणि आयडी जवळ ठेवायचं. रिझर्व्हेशन असलं तरी सीट नंबर नसतो बरं का, आपल्यासारखं 'एस फोर, बत्तीस' करत डबा शोधत जाऊ नका, जिथे रिकामं दिसेल तिथे बसायचं. शुक्रवारी पाचच्या सुमाराच्या गाडीला ऑफिसवाल्यांची एवढी गर्दी असते की रांगेत लवकर लागलेलं बरं, आणि शिकागोचे कब्स विरुद्ध मिलवॉकीचे ब्रुअर्स अशी बेसबॉल मॅच असली की विचारूच नका, निम्मा डबा निळा निम्मा पिवळा आणि सगळे मोठ्याने बोलणारे. क्वाएट कार, म्हणजे शांतता पाळायचा डबा, लावलेली असेल तर सरळ तिकडे जा.

एक गंमत सांगते. १९३५ मध्ये मिलवॉकी रोड कंपनीने पहिली हायावाथा सुरू केली तेव्हा वाफेचं इंजिन असून ती ताशी १०० मैलांच्या वर पळायची आणि शिकागो-मिलवॉकी ७५ मिनिटांत करायची. आज डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन, डब्यात वायफाय, सगळं आहे आणि वेळ लागतो ९० मिनिटं, कारण वेगमर्यादा ७९ मैल. ही गोष्ट आबांना सांगितली तर ते म्हणाले, डेक्कन क्वीनला पण आमच्या वेळी असंच वाटायचं. नक्की काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

सगळ्यात कामाची माहिती आता. शनिवारी सकाळी जाऊ असा विचार करत असाल तर विसरा. शिकागोहून पहिली गाडी सहा-सव्वासहाला सुटते आणि मिलवॉकीला पोचेपर्यंत साडेसात होऊन जातात, आणि आमचं फॉर्मेशन सातला. म्हणजे सातला पोचायचं असं नाही, सातला युनिफॉर्ममध्ये ओळीत उभं असायचं, म्हणजे खरं तर पावणेसातला, म्हणजे सार्जंटच्या घड्याळात साडेसहाला. त्यात मला आधी ऑरोराहून मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या लोकलच्या, बीएनएसएफ लाइनने तासभराहून जास्त प्रवास करून युनियन स्टेशन गाठायचं असतं, शनिवारी एवढ्या पहाटेची मेट्रा जमतच नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळीच निघायचं. रविवारी तर ती सकाळची पहिली फेरी नसतेच, पण रविवारी सकाळी जायचा आपला प्रश्न येत नाही. टाइमटेबल मधूनमधून बदलतं, २०२४ मध्ये सेंट पॉलपर्यंत जाणारी बोरेॲलिस सुरू झाली तेव्हाही थोडं हललं, ती पण मिलवॉकीवरूनच जाते, तेव्हा निघायच्या आठवड्यात एकदा चेक करा.

पहिल्याच फेरीत मी जो गाढवपणा केला तो तुम्ही करू नका. झोप लागली होती, अनाउन्समेंटमध्ये 'मिलवॉकी' एवढाच शब्द कानात गेला, बॅग उचलली, उतरले, गाडी गेली, आणि मग पाटी वाचली तर मिलवॉकी एअरपोर्ट. खरं स्टेशन अजून दहा मिनिटांवर. हायवेच्या कडेचं छोटंसं स्टेशन, बोचरा वारा आणि मी, मग टॅक्सी करून डाउनटाउन. डाउनटाउनचं इंटरमोडल स्टेशन हे हायावाथाचं शेवटचं स्टेशन, तिथे सगळेच उतरतात. आणि हाच या प्रवासाचा सगळ्यात मोठा गुण आहे असं माझं मत, येताना पण शिकागो शेवटचं आणि पुढे मेट्राला ऑरोरा शेवटचं, म्हणजे रविवारी दोन्ही गाड्यांत मेल्यासारखं झोपलं तरी कोणीतरी उठवतंच.

सामानाचं लोक फार विचारतात. बंदूक ट्रेनमध्ये नेता का हा तर ठरलेला प्रश्न, भिशीतल्या एका काकूंनी पण विचारला. नाही काकू, बंदुका युनिटच्या आर्म्स रूममध्ये कुलपात असतात, माझ्या बॅगेत मेतकूट असतं. हेल्मेट-वेस्ट वगैरे माझं युनिटमध्येच लॉकरला ठेवलंय, पाठीवर एक मध्यम बॅग, त्यात युनिफॉर्मचे दोन जोड, बूट, पीटीचे कपडे, अंघोळीचं. अ‍ॅमट्रॅकवर ५० पौंडांपर्यंतच्या दोन मोठ्या बॅगा आणि वर छोटं सामान चालतं, विमानासारखी कटकट नाही, सिक्युरिटीची रांग नाही, आणि २०२५ पर्यंत विमानतळावर बूट काढायला लागायचे तसंही इथे नाही. आणि कॉम्बॅट बूट काढून घालायला किती वेळ लागतो हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. प्रवासात मी साध्या कपड्यांतच असते. युनिफॉर्ममध्ये गेलं की कोणीतरी थँक यू म्हणतं, कोणीतरी कॉफी देऊ करतं, आणि मी तंबूचे खुंटे मोजायला चाललेली असते, मला उगाच अवघडल्यासारखं होतं. शिकागोत वीकेंडला नेव्हीची नवीन पोरंपोरी कडक इस्त्रीच्या ड्रेसमध्ये दिसतात, ग्रेट लेक्सला त्यांचं बूट कॅम्प, म्हणजे सुरुवातीचं ट्रेनिंग, आहे ना, नुकतंच पास होऊन आईबापांबरोबर पिझ्झा खायला निघालेली. त्यांना थँक यू म्हणा, शोभतं.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर. युनिट ५० मैलांच्या पलीकडे असलं की रिझर्व्हवाल्यांना हॉटेलची सोय मिळते, लॉजिंग इन काइंड म्हणतात, खोली आर्मी बुक करते, एका खोलीत दोघी. हॉटेलचं नाव घेत नाही, बदलत पण असतं, पण एक रड सगळीकडे सेम. फ्री ब्रेकफास्ट म्हणून पाटी असते आणि वीकेंडला तो सुरू होतो सातला. सात! पंधरावीस सैनिक सहाला लॉबीतून बाहेर पडतात, काचेपलीकडे वॉफलचं मशीन थंड पडलेलं, आणि काउंटरवरचा मुलगा आमच्याकडे बघून गुड मॉर्निंग म्हणतो. एकदा तर आमची यादीच त्यांना सापडेना, रात्री साडेनऊला लॉबीत बसून राहिलो, कोणीतरी सार्जंटला फोन लावला, सार्जंटने अजून कोणाला लावला, साडेदहाला चावी मिळाली. आर्मीचं आणि सरकारी ऑफिसचं जात्याचं दळण सारखंच, देश कुठलाही असो.

म्हणून मी दशम्या नेते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, आईच्या पद्धतीने, दोन दिवस मऊ राहतात, शेंगदाण्याची चटणी आणि जमलं तर लसणाची. आजी पंढरपूरला जाताना बांधून न्यायची त्याच. माझी बॅटल, म्हणजे बॅटल बडी, इथे सगळे नुसतं 'बॅटल' म्हणतात, ती ग्रीन बेहून पिकअप ट्रक घेऊन येते आणि शुक्रवारी मला स्टेशनवरून उचलते, तिने पहिल्यांदा दशमी चीज कर्ड्सबरोबर खाल्ली आणि आता मेसेज करते की "ते गोल ब्रेड" आण. दुपारी कधी एमआरईची, म्हणजे सैनिकांच्या तयार जेवणाची, पाकिटं असतात, २४ प्रकारांपैकी चारच व्हेज, आणि पेट्या फोडल्यावर ती चार कुठे जातात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, कारण व्हेजिटेरियन तर युनिटमध्ये मी एकटीच आहे.

ज्यांना उचलायला कोणी नाही त्यांच्यासाठी, स्टेशनजवळूनच 'द हॉप' नावाची ट्राम जाते, फुकट आहे, डाउनटाउनमधलं हॉटेल असेल तर तिने जमतं. रिझर्व्ह सेंटरपर्यंत मात्र ती जात नाही, पहाटे टॅक्सी किंवा कोणाच्या तरी गाडीत, त्याची सोय आधी लावा. ट्रेनचा सगळ्यात मोठा तोटा हाच, दोन दिवस तुम्ही दुसऱ्याच्या चाकांवर.

पैशांचं खरं सांगते, ट्रेन स्वस्त नाही. मेट्रा जाऊन-येऊन आणि हायावाथा जाऊन-येऊन धरून मला ६० डॉलरच्या आसपास पडतात, गाडीने पेट्रोल आणि टोल मिळून ४० च्या आत व्हायचं. वेळ पण वाचत नाही, दारापासून दारापर्यंत साडेतीन-चार तास. मग येतं ते टॅक्सचं. ड्रिलची जागा घरापासून १०० मैलांच्या पुढे असेल आणि रात्री मुक्काम असेल तर रिझर्व्हवाल्यांना प्रवासाचा आपल्या खिशातला खर्च टॅक्समध्ये वजा करता येतो, त्यासाठी फॉर्म २१०६ भरायचा, आयटमाइझ न करता, म्हणजे वजावटींची वेगळी यादी न देता पण मिळतं. पहिली दोन वर्षं मला कोणी सांगितलंच नव्हतं, युनिटमध्ये अर्ध्या लोकांना माहीत नाही, तिकिटाच्या पावत्या ईमेलमध्ये एका फोल्डरला टाकत जा. प्रवासाचे पैसे थेट परत मिळायची पण एक सोय आहे, पण ती १५० मैलांपलीकडून येणाऱ्यांना आणि त्यातही ज्यांच्या कामाची माणसं कमी आहेत अशांनाच, खुंटे मोजणारे त्यात बसत नाहीत.

मग एवढं करून ट्रेन का, तर रविवार संध्याकाळ. चार-साडेचारला सोडतात, म्हणजे सोडायचं ठरलेलं असतं, मग कोणाची तरी सही राहते, कोणाचं तरी एक उपकरण यादीत जास्त निघतं, म्हणून मी पावणेसहाच्या सुमाराची गाडी बुक करत नाही, साडेसातनंतरचीच करते. स्टेशनवर तासभर बसायला लागलं तर बसते, बूट सैल करते, घरी फोन करते. गाडी सुटली की दहा मिनिटांत एअरपोर्ट स्टेशन येतं, तेवढं ओळखून मनातल्या मनात त्याला हात जोडते, आणि त्यानंतर मला काहीच आठवत नाही ते थेट ग्लेनव्ह्यूपर्यंत. बाहेर अंधारात कुठेतरी आय-९४ असतो, केनोशाचा तो एक्झिट असतो, चीजचा किल्ला असतो. मी झोपलेली असते आणि या वेळी ते चालण्यासारखं असतं.

रेटिंग द्यायचंच तर रविवारच्या गाडीला पाचपैकी पाच, शुक्रवारच्या गाडीला साडेतीन, शनिवार सकाळच्या गाडीला आमच्या कामासाठी शून्य, गाडीचा त्यात दोष नाही. तुमचं युनिट डाउनटाउनजवळ असेल, न्यायला कोणीतरी असेल आणि तुम्ही माझ्यासारखे चाकावर पेंगणारे असाल तर डोळे झाकून घ्या. जड सामान असेल तर, म्हणजे वार्षिक दोन आठवड्यांना फोर्ट मकॉयच्या तळावर वगैरे जाताना ती मोठी हिरवी डफल बॅग असेल, तर मी पण अजून कारनेच जाते, पण तेव्हा आधी दोन रात्री नीट झोपलेली असते.

मागच्या महिन्यात घरी पोचून व्हिडिओ कॉल लावला तर आबांनी परत तेच विचारलं, तिकीट कोण देतं. म्हणलं आबा, मीच, पण आता टॅक्समधून वजा होतं. ते आईंकडे वळून म्हणाले, "बघ, वॉरंट मिळालं तिला."